मित्रमंडळांची वाचनालये

आपल्या सभा-संमेलनांत ग्रंथालयाचा विषय निघाला की पाटण्याच्या खुदाबक्ष ग्रंथालयाचे नाव हटकून घेतले जाते, आणि ते घ्यावे असेच आहे. मुहंमद बक्ष या वकिलाने १८७६ साली मृत्युशय्येवर असताना आपली चौदाशे हस्तलिखिते मुलाच्या स्वाधीन केली आणि त्यात भर घालून ती लोकांना खुली करून दे, असे सांगितले. मुलाने, म्हणजे खानबहादूर खुदाबक्ष यांनी, वकिलीची कमाई या कामी ओतली. १८९१ साली सुमारे चार हजार हस्तलिखितांचे ते भांडार जनतेसाठी उघडले. ज्या धर्माचा आरंभच वाचनाच्या आज्ञेने झाला, त्याच्या अनुयायांना अशा वारशाचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक होय.

पण खुदाबक्ष शतकात एखादाच होतो. त्याच्यावर विसंबून राहिले तर आपल्या मोहल्ल्यातल्या सहावी-सातवीच्या मुलाच्या हाती पुस्तक पडायचे केव्हा? मी ज्या शाळेत शिकलो तेथे ग्रंथालय होते. म्हणजे काचेची दोन कपाटे होती. पुस्तके दिसत, त्यांच्या पाठीवरची नावेही बाहेरून वाचता येत. किल्ली मात्र मुख्याध्यापकांच्या खिशात असे. वर्षातून एकदा तपासणी व्हायची, त्या दिवशी कपाटे उघडत, धूळ झटकली जाई आणि आम्हां मुलांची नावे नोंदवहीत चढत. सात वर्षांत त्यातले एकही पुस्तक माझ्या हाती आले नाही. नावे मात्र सगळी पाठ झाली. हा दोष मुख्याध्यापकांच्या कडक स्वभावाचा, असे मी तेव्हा समजत होतो. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर उमगले की पुस्तक हरवले तर त्याचा जाब त्यांना एकट्याला द्यावा लागे. एकट्याच्या डोक्यावर एवढा बोजा असेल तर तो कपाट कशाला उघडील? कपाट उघडे ठेवायचे तर हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी वाटून घेणारी चार-सहा माणसे लागतात. ती माणसे कोठून येतात, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. जुन्या बडोदे संस्थानाचा इतिहास पाहिला तरी पुरे.

तथापि बडोद्याच्या या हकीकतीचे एक मूळ अमेरिकेत आहे, आणि ते आधी सांगितले तर पुढचे नीट कळेल. १८२६ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरी आठ तरुण एकत्र आले. ती निरनिराळ्या धंद्यांत उमेदवारी करणारी, हातावर पोट असलेली पोरे होती. त्याच शहरात येल हे नामांकित विद्यापीठ होते, पण त्याच्या दारातून आत जाणे यांच्या नशिबी नव्हते. त्यांनी आपापल्या जवळची पुस्तके एका ठिकाणी आणून ठेवली, फावल्या वेळात ती वाचायची आणि वाचलेल्यावर आपसांत चर्चा करायची असा नेम धरला. पुढे या मंडळीची 'यंग मेन्स इन्स्टिट्यूट' नावाची संस्था झाली आणि तिचे ग्रंथालय नावारूपाला आले. १८८७ पासून या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते विल्यम अॅलन्सन बॉर्डन. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता बडोद्याकडे वळू. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी एका शेतकरी घराण्यात झाला. बाराव्या वर्षी दत्तक जाईपर्यंत अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. ज्याला विद्या उशिरा मिळाली त्याला तिची किंमत अधिक कळते, असे म्हणतात ते येथे खरे ठरले. १८९३ साली त्यांनी अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केले. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी ही गोष्ट स्वप्नवत होती. पण सक्तीच्या शिक्षणाबरोबर एक अडचण उभी राहिली. मूल चार इयत्ता शिके, शाळा सोडी आणि शेतावर जाई. घरात कागदाचा कपटा नाही, गावात वर्तमानपत्र नाही. पाच-सात वर्षांत मुळाक्षरेही विसरली जात. सरकारने खर्च करून साक्षर केलेले मूल पुन्हा अंगठ्यावर येई. शाळेच्या पुढची पायरी बांधल्यावाचून शाळेवरचा खर्च वाया जातो, हे महाराजांना आकड्यांवरून दिसत होते.

नेमकी हीच गोष्ट त्यांच्या राज्यातल्या एका खेड्यातील मुलाला आकड्यांशिवाय कळली होती. मोतीभाई नरसिंहभाई अमीन यांचा जन्म १८७३ चा, गाव पेटलाद भागातले वसो. १८८८ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी गावात विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले आणि त्याला जोडून लहानसे पुस्तकालय सुरू केले. पंधरा वर्षांचे पोर आणि त्याचे सवंगडी. त्यांच्याजवळ पैसा तो काय असणार! परंतु वाचणारे एकत्र आले म्हणजे पुस्तके येतात, पुस्तके आणून ठेवली म्हणजे वाचणारे येतातच असे नाही, हा धडा त्या पोरांना तेव्हाच मिळाला असावा. कारण मोतीभाईंचे पुढचे सगळे काम याच क्रमाने झाले.

शिक्षकी पेशा पत्करून पेटलादला विद्यार्थ्यांमध्ये काम करीत असताना १९०६ च्या सुमारास त्यांनी 'मित्रमंडळ' ही कल्पना चालू केली. कल्पना ऐकायला इतकी साधी की तिच्यात काय मोठे, असे वाटावे. गावातील काही मित्रांनी मिळून मंडळ करायचे, थोडी थोडी वर्गणी घालायची आणि त्या पैशांतून वर्तमानपत्रे व मासिके मागवायची. एकट्याला एक मासिक परवडत नाही, पण दहाजण मिळून चार मासिके सहज घेऊ शकतात आणि प्रत्येकाला चारही वाचायला मिळतात. अंक आळीपाळीने फिरायचे, नंतर ते जपून ठेवायचे. वर्षअखेरीस बांधणी केली की झाली पुस्तकालयाची सुरुवात. ना इमारत, ना पगारी नोकर, ना उद्घाटनाचा समारंभ. कोणाच्या ओसरीवर किंवा धर्मशाळेच्या कोपऱ्यात मंडळ बसे. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवी. मोतीभाई सुट्टी मिळाली की गावोगाव हिंडत, नवी मंडळे उभी करीत आणि जुन्यांची विचारपूस करीत. चरोतर भागात अशी मंडळे एकामागून एक निघाली. बक्षिसाची वा बढतीची आशा नसलेल्या या शिक्षकाला लोक पुढे 'चरोतरचे मोती' म्हणू लागले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या महाराष्ट्रातही वाचनालये काही नवी नव्हती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाल्या, ठाण्याला १८९३ साली व मुंबईला १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. या संस्थांनी भाषेची मोठी सेवा केली. परंतु त्या बहुतेक शहरांतल्या, आणि प्रथम प्रथम तरी त्यांचे सभासद म्हणजे कलेक्टर कचेरीतील मंडळी, वकील, डॉक्टर, शिक्षक. वर्गणी भरील तो आत, न भरील तो बाहेर. मुलांचा प्रश्नच नव्हता. मुलांनी वाचायचे ते शाळेचे पुस्तक. मित्रमंडळाने हा क्रम उलटा केला. ज्याच्याजवळ पैसा नाही, पण अवकाश आणि उत्साह आहे अशा तरुणाला त्याने कारभारी केले.

१९१० साली महाराज पुन्हा अमेरिकेला गेले. तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते भारावून गेले आणि आपल्या राज्यात अशी व्यवस्था बसवून देण्यासाठी त्यांनी एका जाणकाराला नेमले. तो जाणकार म्हणजे न्यू हेवनचे बॉर्डन. आठ उमेदवार पोरांनी पुस्तके एकत्र करून उभारलेल्या संस्थेचा ग्रंथपाल एका संस्थानिकाच्या आमंत्रणावरून गुजराथेत यावा आणि येथे त्याला मोतीभाईंची मित्रमंडळे आधीच चालू असलेली आढळावीत, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. बॉर्डन १९१० ते १९१३ अशी तीनच वर्षे बडोद्यात राहिले. तेवढ्यात राजवाड्यातील महाराजांच्या सुमारे वीस हजार ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, १९११ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला, आणि १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ते १९१९ पर्यंत चालले. ग्रंथालयाच्या शास्त्रावर मराठीत नियतकालिक मजकूर प्रथम छापला गेला तो पुण्यामुंबईत नव्हे, बडोद्यात, याचे आपणा मराठी वाचकांना स्मरण असू द्यावे. बॉर्डन परतल्यावर कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे खाते सांभाळले. खेड्यांच्या विभागाचे काम मात्र महाराजांनी मोतीभाईंवर सोपविले. पेटलादचा शिक्षक सरकारी अधिकारी झाला, पण हिंडण्याची सवय सुटली नाही.

या खात्याने केलेला एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खेड्यातील लोकांनी वाचनालयासाठी वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. कसब्याच्या गावासाठी ही मर्यादा तीनशे रुपये आणि प्रांताच्या मुख्य शहरासाठी सातशे. इमारतीच्या बाबतीतही तोच हिशेब; एक तृतीयांश लोकांचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा. महाराज मनात आणते तर सारा खर्च खजिन्यातून करू शकले असते. पण मग ती वाचनालये सरकारची झाली असती, आणि सरकारच्या वस्तूला आपला समाज कसा वागवितो हे मी लिहायला नको. पहिला रुपया गावाने काढायचा, म्हणजे गावाला हिशेब विचारण्याचा हक्क येतो. आणि तो पहिला रुपया दारोदार फिरून गोळा कोण करणार? अर्थात मित्रमंडळ. मोतीभाईंच्या मंडळांवाचून हा नियम कागदावरच राहिला असता आणि या नियमावाचून मंडळे चार-पाच वर्षांत दमली असती.

ज्या गावात मंडळही नव्हते तेथे खाते फिरती पेटी पाठवी. लाकडी पेटी, आत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके, सोबत कुलूप-किल्ली. गावातील शिक्षक किंवा कोणी जबाबदार गृहस्थ पत्र लिही आणि पेटी आगगाडीने येई. नेण्याआणण्याचे भाडे खाते देई. साधारण तीन महिने ती गावात राही, मग परत जाई आणि मागणी असली तर दुसरी येई. मुलांसाठी, स्त्रियांसाठी निवडक पुस्तकांच्या वेगळ्या पेट्याही असत. स्टेशनवर पेटी उतरली की ती बैलगाडीत घालून आणायची, पुस्तके वाटायची, तारीख भरली की घरोघर जाऊन ती गोळा करायची. हे काम गावातील वाचती मुले नाही तर कोण करणार? ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याकरिता खात्याने एक स्वतंत्र शाखा ठेवली होती. ती गावोगाव जादूच्या कंदिलाने चित्रे दाखवी, पुढे चलच्चित्रेही दाखवू लागली. आज घराघरांत पडदा आला आहे, म्हणून आपल्याला त्याचे अप्रूप वाटत नाही. पण ज्या गावाने डोंगराच्या पलीकडचे काही पाहिले नव्हते तेथे भिंतीवर समुद्र दिसला तेव्हा काय झाले असेल, याची विद्यार्थ्यांनी कल्पना करावी.

मध्यवर्ती ग्रंथालयातही मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. आज मुलांचा विभाग म्हटले की कोणाला आश्चर्य वाटत नाही; त्या काळी मात्र मोठमोठे विद्वानदेखील मुलांना ग्रंथालयात येऊ देणे म्हणजे पुस्तकांचा नाश करून घेणे, असे समजत. बडोद्याच्या बालदालनात पुस्तकांबरोबर चित्रे होती आणि खेळही होते. मूल खेळायला येई आणि वाचायला राही. पुस्तके कपाटात कोंडलेली नव्हती. ती स्वतः हाताळून निवडावीत, अशी बॉर्डन यांनी घालून दिलेली रीत होती. शाळेतल्या माझ्या काचेच्या कपाटाची आठवण येऊन हे वाचताना मला थोडा मत्सर वाटला, हे कबूल करतो. मुलांना देण्याजोगी पुस्तके देशी भाषांत कमी, हीही अडचण होती. १९१२ साली गुजराती साहित्य परिषद बडोद्याला भरली. त्यानंतर महाराजांनी ग्रंथप्रकाशनासाठी दोन लाख रुपयांचा निधी काढला आणि त्यातून प्रौढांसाठी 'श्री सयाजी साहित्यमाला' व मुलांसाठी 'श्री सयाजी बालज्ञानमाला' निघाल्या.

मोतीभाईंची दृष्टीही याहून धाकट्या मुलांकडे वळली होती. १९१५ साली त्यांच्या प्रयत्नाने वसो येथे माँटेसोरी पद्धतीची बालशाळा निघाली. हिंदुस्थानातील अगदी पहिल्यांपैकी ती एक होय. गिजुभाई बधेका यांना माँटेसोरीबाईंच्या पद्धतीविषयीचे पुस्तक वाचायला दिले तेही मोतीभाईंनीच. गिजुभाई तेव्हा वकिली करीत होते. ते पुस्तक वाचून पुढे त्यांनी वकिली सोडली आणि भावनगरला बालशिक्षणाचे जे काम केले ते सर्वश्रुत आहे. एक पुस्तक योग्य माणसाच्या हाती देणे हे ग्रंथपालाचे काम. मोतीभाई ते नोकरीत असताना करीत होते आणि नसतानाही.

या चळवळीत सगळेच गोड होते असे मानण्याचे कारण नाही. एक तृतीयांशाचा नियम न्यायाचा खरा, पण ज्या गावाला पहिला तृतीयांशच जमविता येत नाही त्याने काय करायचे? चरोतर म्हणजे कसदार जमीन, तंबाखूचे पीक, बाहेरदेशी गेलेली कर्ती माणसे. तेथील गावाला शंभर रुपये जड नव्हते. डोंगराळ, रानावनातल्या गावांची गोष्ट निराळी होती आणि त्यांना पेटीवरच भागवावे लागे. दुसरी गोष्ट शिवाशिवीची. महाराजांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी १८८० नंतरच्या काळात शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात. त्या जागांवर मुसलमान शिक्षक रुजू झाले आणि पुढे आर्यसमाजी आले. आपल्या समाजातील त्या शिक्षकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ती ठेवायला हवी होती. शाळेतच जेथे ही तऱ्हा, तेथे गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर कोण बसे आणि कोण अंगणात उभा राही, हे वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली परदेशी शिक्षणाला शिष्यवृत्ती देणारे बडोदे हेच, आणि शिकून नोकरीवर आल्यावर त्यांना राहायला जागा न देणारे शहरही तेच. राजाचा हुकूम आणि गावाची रीत यांच्यात किती अंतर असते, ते यावरून दिसते.

तरीही १९४० च्या आगेमागे बडोदे संस्थानात हजारावर वाचनालये होती, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. त्यांना पुस्तके व लागणारे सामान स्वस्तात मिळावे म्हणून मोतीभाईंनी सहकारी मंडळ काढले, ग्रंथालयांची परिषद भरविली, मासिक चालविले. १ फेब्रुवारी १९३९ रोजी मोतीभाई वारले. त्यानंतर पाचच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले.

आणि त्याच १९३९ साली मुंबई सरकारने प्रांतातील ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आसफ अली असगर फैजी. फैजीसाहेबांना आपण मुस्लिम कायद्यावरील ग्रंथकार म्हणून ओळखतो. ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८१ साली पैगंबरवासी झाले. अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याच गोतावळ्यातले ते. त्याच तय्यबजी घराण्यातील अब्बास तय्यबजी हे बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आज जे सार्वजनिक वाचनालय चालते त्याच्या योजनेचा पहिला आराखडा फैजीसाहेबांच्या समितीने केला, ही गोष्ट आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४० च्या अहवालात समितीने पायऱ्यापायऱ्यांची रचना सुचविली. मुंबईस मध्यवर्ती ग्रंथालय. पुणे, अहमदाबाद व धारवाड येथे विभागीय ग्रंथालये. मग जिल्हे, मग तालुके, आणि शेवटी गावे. मध्ये महायुद्ध आले. स्वातंत्र्याच्या सुमारास योजनेला हात लागला तो वरच्या पायऱ्यांना. पैशाच्या टंचाईने खालची पायरी मागे राहिली.

समितीच्या योजनेत बडोद्याशी मिळतीजुळती एक गोष्ट होती. लोकांनी चालविलेली जी वाचनालये आधीच उभी आहेत त्यांनाच मान्यता आणि अनुदान देऊन सरकारने आपली साखळी विणावी, असा तिचा रोख होता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयाचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयासाठी लोकांवर वेगळा कर बसविलेला नाही. नोंदलेल्या संस्थेने वाचनालय चालवावे, सरकारने त्याची अ, ब, क, ड अशी प्रत लावून अनुदान द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. तिचे गुणदोष पुष्कळ सांगता येतील. अनुदान वेळेवर येत नाही ही तक्रार तर कायमचीच. परंतु एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. या कायद्याने सरकार आपण होऊन आमच्या मोहल्ल्यात वाचनालय काढायला येणार नाही. आधी मोहल्ल्यातील माणसांनी मंडळ करायचे, पुस्तके जमवायची, दार रोज ठरल्या वेळी उघडायचे, मग सरकार. म्हणजे पेटलादच्या मित्रमंडळाला जे करावे लागले ते आपल्यालाही करावे लागते.

कोणी म्हणेल, ते दिवस गेले. आता मुलांच्या हाती पुस्तक कुठे, मोबाईल आहे. मला हे पुरते पटत नाही. २०२१ साली, कोरोनाच्या साथीने शाळा बंद असताना, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मोहल्ला बालवाचनालये निघाली. आरंभ एका शाळकरी मुलीने आपल्याजवळची पुस्तके शेजारच्या मुलांना वाचायला देऊन केला. पुस्तकांच्या दुकानाशी संबंध असलेले तिचे वडील आणि त्यांची संस्था पाठीशी उभी राहिली आणि एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात अशी ही वाचनालये पसरली. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी चार भाषांची छोटी छोटी पुस्तके, घराजवळची जागा आणि देवघेव सांभाळणारी मुले. त्या मुलांनी मोतीभाईंचे नाव ऐकलेले असण्याचा संभव कमी. वसोच्या पंधरा वर्षांच्या मुलानेही न्यू हेवनचे नाव ऐकले नव्हते.

माझ्या शाळेतल्या कपाटांचे पुढे काय झाले, तेवढे सांगून हा लेख पुरा करतो. सेवानिवृत्त झाल्यावर एकदा तेथे जाण्याचा योग आला. इमारत नवी झाली होती, कपाटे तीच. आम्ही सहा जुने विद्यार्थी एकत्र बसलो आणि मुख्याध्यापकांना लेखी दिले की हरवलेल्या पुस्तकांची भरपाई आम्ही सहाजण वाटून करू, शाळेला तोशीस लागू देणार नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, फाईलला लावला आणि किल्ली आठवीच्या दोन मुलींकडे दिली. पहिल्या वर्षी अकरा पुस्तके परत आली नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम एका वेळच्या पाहुणचाराहून जास्त नव्हती. त्या अकरांपैकी तीन पुस्तके पुढच्या जूनमध्ये एका मुलाची आई पिशवीत घालून घेऊन आली. घरातल्या धाकट्याला वाचायची होती, म्हणून ठेवून घेतली होती, म्हणाली.